हाताचे पुनर्वसन आणि मेंदूची प्रतिमा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा हलू लागतो, तेव्हा दुरुस्ती नेमकी कोठे होते? खोपट येथील आमच्या घरी वडिलांनी हा प्रश्न फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारला होता. बाईंनी उत्तर दिले नाही. टेबलावरचा पेला पुन्हा उचलायला लावला. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

मुंबईतील अवयव-पुनर्वसनाच्या जडणघडणीत पोलिओचा वाटा मोठा आहे. मुलीला पोलिओ झाल्यानंतर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली. आज हाजी अली येथे असलेली केंद्र शासनाची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ ची, के.ई.एम. रुग्णालयातील फिजिओथेरपीचे शिक्षणही त्याच दशकातले. पोलिओचा विषाणू प्रामुख्याने मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशी नष्ट करतो. मेंदूतून आज्ञा निघते, पण ती स्नायूपर्यंत पोहोचत नाही. साहजिकच स्प्लिंट, कॅलिपर आणि उरलेल्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम यांवर उपचारांची भिस्त राहिली. पक्षाघातात स्थिती नेमकी उलट असते. स्नायू शाबूत असतात. जखमी होते ते आज्ञा देणारे केंद्र किंवा तेथून निघणारा मार्ग.

हे केंद्र अज्ञात होते असे नाही. मेंदूच्या बाह्यकाला विद्युत-उद्दीपन दिल्यास अवयव हलतात, हे फ्रिट्श व हिट्झिग यांनी १८७० मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले. पेनफील्ड व बोल्ड्री यांनी १९३७ मध्ये मानवी बाह्यकाचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेल्या नकाशात हाताच्या वाट्याला धडापेक्षा कितीतरी मोठी जागा आहे. मात्र हा नकाशा प्रौढ वयात कायमचा ठरलेला असतो, असा समज दीर्घकाळ टिकला. नकाशे बदलतात हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. वैद्यकाला ते पटण्यास वेळ लागला.

जिवंत मेंदू काम करताना पाहता येऊ लागल्यावर या समजाला धक्का बसला. शोले व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये पक्षाघातातून सावरलेल्या ६ रुग्णांचा पेट तंत्राने अभ्यास केला. सावरलेल्या हाताची बोटे हलविताना मेंदूच्या दोन्ही अर्धांत रक्तप्रवाह वाढलेला दिसला. निरोगी अर्ध जखमी अर्धाच्या मदतीला धावतो, हा त्यावरून निघणारा अर्थ मोहक होता. पुढे लिपर्ट यांच्या २००० मधील अभ्यासात १३ रुग्णांचा चांगला हात जखडून दुबळ्या हाताकडून १२ दिवस सराव करून घेण्यात आला. चुंबकीय स्पंदनांनी मोजले असता जखमी बाजूस त्या हाताचे क्षेत्र विस्तारलेले आढळले. परंतु २००३ मध्ये वॉर्ड व सहकाऱ्यांनी २० रुग्णांच्या कार्यात्मक एमआरआय प्रतिमा तपासल्या, तेव्हा ज्यांचा हात अधिक सावरला त्यांच्यात ही अतिरिक्त वर्दळ कमी दिसली. म्हणजे दुसऱ्या अर्धाची धावपळ ही सुधारणेची खूण की अडचणीची, हा वाद उरलाच. प्रस्तुत लेखकाला दुसरा पर्याय अधिक सयुक्तिक वाटतो, तरी प्रत्येक रुग्णास तो लागू करणे धाडसाचे ठरेल.

साधनाची मर्यादाही येथे लक्षात घ्यावी लागते. रुग्णालयात नेहमी काढला जाणारा एमआरआय इजा दाखवितो, मेंदूचे काम नव्हे. कार्यात्मक एमआरआय रक्तातील प्राणवायूच्या बदलावरून ते काम अप्रत्यक्षपणे टिपतो. हा बदल काही सेकंद उशिराने होतो आणि पक्षाघाताने रक्तवाहिन्याच बिघडल्या असल्यास संकेतही फसवा ठरू शकतो. शिवाय यंत्राच्या बोगद्यात डोके स्थिर ठेवावे लागते. खांदा व कोपर हलले की डोके हलण्याचा धोका असतो, म्हणून बहुसंख्य प्रयोग बोटे मिटण्याचे किंवा मूठ आवळण्याचे आहेत. हात लांबवून पेला उचलणे, जे बाई रोज करवून घेत, ते या प्रतिमांत क्वचितच येते.

वडील आता पेला ओठांपर्यंत नेतात. त्यांच्या मेंदूची कार्यात्मक प्रतिमा कोणी काढलेली नाही. जी नोंद आहे ती बाईंच्या वहीत : तारीख, वस्तू आणि किती वेळा उचलली.