अमृतराव घाटावरून युरोपात: एका प्रतीक्षेचा इतिहास

रघुनाथरावांचे दत्तकपुत्र अमृतराव पेशवे यांनी 1803 मध्ये इंग्रजांशी तह करून तनखा स्वीकारला आणि पुढे काशीवास पत्करला. 1824 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा अमृतराव घाट आज राजा घाट म्हणूनही ओळखला जातो. काशीच्या इतर घाटांप्रमाणे तेथेही यात्रेकरूंच्या शेजारी कुत्रे निवांत पहुडलेले असतात.

2023 मध्ये याच शहरातील मोती आणि जया या भटक्या कुत्र्यांना अनुक्रमे इटलीत व नेदरलँड्समध्ये घर मिळाले. वृत्तपत्रांनी ‘पासपोर्ट’ हा शब्द मोठ्या हौसेने छापला. जयाला नेणाऱ्या डच तरुणीला मात्र व्हिसा वाढवून सहा महिने थांबावे लागले. आरोग्य प्रमाणपत्र एका दिवसात लिहून होते. मग हे महिने कशासाठी?

उत्तर रेबीजच्या इतिहासात आहे. ब्रिटनने 1897 मध्ये कुत्र्यांना मुसके बांधण्याची सक्ती केली आणि परदेशी कुत्र्यांवर क्वारंटीन लादले. 1902 मध्ये देश रेबीजमुक्त झाला. पण पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर 1918 मध्ये रोग परतला आणि 1922 पर्यंत टिकला. त्यानंतर सहा महिन्यांचे क्वारंटीन जवळजवळ धर्माज्ञाच बनले. नेग्री यांनी 1903 मध्ये रेबीजची खूण शोधली, ती मेंदूत, म्हणजे मरणोत्तर तपासणीत. लक्षणे नसलेल्या जिवंत कुत्र्यात हा विषाणू खात्रीने शोधणारी चाचणी आजही नाही.

फेब्रुवारी 2000 मध्ये ब्रिटनने काही देशांतील प्राण्यांसाठी पिंजऱ्याऐवजी चिप, लस आणि रक्तचाचणी हा मार्ग खुला केला. युरोपीय संघाचा भारतीय कुत्र्यांसाठीचा नियम त्याच घडणीचा आहे. आधी पंधरा अंकी चिप, मगच लस. क्रम उलटला तर ती लस जमेस धरत नाहीत. नमुन्यावर खूण केल्याखेरीज मोजमापाला अर्थ नाही, हे प्रयोगशाळेत वावरणाऱ्याला सांगावे लागत नाही. या चिपमध्ये बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तिच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरेडेचा 1831 चा शोध असा कुत्र्याच्या मानेत जाऊन बसला आहे!

लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घेतात. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरमागे किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक भरले पाहिजे. तेवढे भरले तरी, रक्त घेतल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचे. मला या नियमातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. लसीपूर्वीच चावा बसलेल्या कुत्र्यातही प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि विषाणू मात्र चाव्याच्या जागी दडून राहतो, मग मज्जातंतूंतून दिवसाला काही सेंटीमीटर गतीने मेंदूकडे सरकतो. रक्ताला त्याचा पत्ता नसतो. तेथे काळ हेच एकमेव मापनयंत्र उरते. तीन महिन्यांत बहुतेक बाधित कुत्र्यांत रोग उघड होतो. सगळ्यांत नव्हे; नियम जोखीम शून्य करत नाही, परवडेल इतकी खाली आणतो. अखेरचे आरोग्य प्रमाणपत्र युरोपात प्रवेशासाठी दहा दिवसच ग्राह्य असते. त्यामागचे महिने त्यात दोन-तीन तारखांपुरते उरतात.

हा कडकपणा भारताला झोंबतो खरा, पण अकारण नाही. कसौलीत 1900 मध्ये पाश्चर संस्था स्थापन झाली. तेथे सेंपल यांनी 1911 मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. पोटात टोचल्या जाणाऱ्या तिच्या इंजेक्शनांची भीती घरोघरी होती. तिचे उत्पादन आपण 2004 च्या अखेरीपर्यंत चालू ठेवले. या लसी माणसांसाठी, तेही चावल्यानंतरच्या. कुत्र्यांना व्यापक प्रमाणावर टोचण्याकडे आपण फार उशिरा वळलो.

गोव्यात ते घडले. जाळे टाकून कुत्रा धरायचा, लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची, फोनमध्ये नोंद करायची आणि सोडून द्यायचे. रक्तचाचणी नाही, प्रतीक्षा नाही. 2022 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधील शोधनिबंधाने नोंदवले की तेथे कुत्र्यांतील रेबीज 92 टक्क्यांनी घटला आणि माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले. त्या कुत्र्यांपैकी बहुतेकांना विमानात बसायचे नव्हते.