थोडी शिदोरी, थोडी सुटी

काशीयात्रेसाठीं पैसे सांठवावयाचे आणि ते पुरेसे सांठेपर्यंत गांवाबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं, असा नेम आमच्या मध्यम स्थितींतील पुष्कळ घरांतून चालत आला आहे. आमच्या वडिलांचाही तोच नेम होता. ते चंद्रपुरास प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. दरमहा पगारांतून कांहीं रक्कम एका पत्र्याच्या डब्यांत पडे, आणि ती बरीच सांठली कीं कधीं बहिणीचें लग्न, तर कधीं आमची कॉलेजची फी तिला वाट फोडी. काशी राहिली ती राहिलीच. पण काशीसाठीं थांबल्यामुळें घरापासून एका दिवसांत जाऊन येण्याजोगें मार्कंड्याचें देऊळही त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं. ज्याच्यापाशीं द्रव्य थोडें व सुटीही थोडी, त्यानें प्रवासाचा विचार करावा किंवा नाहीं, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस केवळ हौसेचा वाटत नाहीं. त्याचें उत्तर इतिहासांत शोधूं लागलें असतां तें आमच्या वडिलांच्या नेमाच्या अगदीं उलट मिळतें.

सुटी ही कल्पना इंग्रजी अमदानीबरोबर आली, असा सुशिक्षितांचा समज असतो. इंग्लंडांत टॉमस कुक यानें ५ जुलै १८४१ रोजीं सुमारें पांचशें माणसें माणशीं एक शिलिंग घेऊन लेस्टरहून लफबरोस आगगाडीनें नेलीं. बँकांच्या सुट्यांचा कायदा तेथें १८७१ त झाला, व पगारी रजेचा कायदा व्हावयास १९३८ साल उजाडावें लागलें. आमच्याकडील शेतकऱ्यानें मात्र आपली सुटी फार पूर्वींच पंचांगांत बसवून घेतली होती. चंद्रपुरास महाकालीची यात्रा चैत्रांत भरते आणि तीस मराठवाड्यांतून हजारों माणसें येतात. मार्कंड्याची यात्रा महाशिवरात्रीस भरते. खरिपाचें धान्य घरांत आलेलें आणि पुढील पेरणी दूर, असे हे दिवस. भाकरीचें गांठोडें बरोबर, निजावयास नदीकांठ किंवा देवळाची ओंवरी, आणि परत जाण्याचा दिवस आधींच ठरलेला! या यात्रेकरूस कोणी प्रवासी म्हणत नाहीं. परंतु दरवर्षीं, थोडक्या खर्चांत व मोजक्या दिवसांत घराबाहेर पडण्याचें शास्त्र त्यानेंच पूर्णत्वास नेलें आहे.

या शास्त्राचा ग्रंथरूप नमुना पाहावयाचा तर गोडसे भटजींकडे वळावें. वरसईचे हे विष्णुभट १८५७ त आपले चुलते रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले ते देशदर्शनाच्या इच्छेनें नव्हे. घरचें कर्ज फेडावें व बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळवावी, एवढाच हेतु होता. वाटेंत बंडाच्या धामधुमींत ते सांपडले, झांशीचा वेढा त्यांनीं आंत राहून पाहिला, मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें, आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरीं परतले. दक्षिणेच्या दृष्टीनें हा प्रवास फसला; पण चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ त प्रसिद्ध केलेलें ‘माझा प्रवास’ हें पुस्तक त्यांतूनच महाराष्ट्रास मिळालें. पालखींतून जाणारास जें दिसलें नसतें तें पायीं चालणाऱ्या भिक्षुकास दिसलें.

राजवाडे यांचें चरित्र तर सर्वांच्या ओळखीचें आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ त निघाला, आणि पुढें एकंदर बावीस खंड झाले. ते दफ्तरखान्यांत बसून झाले नाहींत. जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर पडलेलीं रुमालें धुंडाळीत हा गृहस्थ गांवोगांव हिंडला. त्याच्यापाशीं नव्हता तो पैसा. दिवस मात्र पुष्कळ होते, कारण त्यानें संसार व नोकरी दोन्ही बाजूस सारलीं होतीं. आम्हां नोकरदारांस त्याची ही बाजू अनुकरणीय असली तरी शक्य नाहीं.

आमच्या स्थितीस अधिक जवळचें उदाहरण म्हणजे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचें. हे नागपुरास मॉरिस कॉलेजांत संस्कृत शिकवीत. तास, परीक्षा व उत्तरपत्रिका यांच्या जंजाळांत त्यांनीं वाकाटकांचा इतिहास उभा केला. त्यांतील एक धागा आमच्याच अरण्यप्रदेशांतला आहे. नागभीडजवळ देवटेक येथें एक शिळा सांपडली. तिजवर दोन लेख आहेत. एक मौर्यकालीन असून त्यांत प्राण्यांस धरण्याची व मारण्याची मनाई आहे. दुसरा त्यानंतर सुमारें पांच-सहा शतकांनीं कोरलेला, वाकाटक नृपति पहिला रुद्रसेन याचा. त्यांतील चिक्कंबुरी हें गांव म्हणजे देवटेकनजीकचें आजचें चिकमारा, हें मिराशींनीं ओळखविलें. एकाच दगडावर दोन राज्यें बोलतात, आणि त्यांतील पहिलें बोलणें वन्य जीवांच्या अभयाचें आहे! ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान १९५५ त झालें. आज तेथें जिप्सी गाडींतून वाघ पाहावयाचा तर कारकुनाच्या कुटुंबास तो खर्च जड जातो. परंतु त्याच जिल्ह्यांतल्या अभयाचा हा प्राचीन लेख समजून घेण्यास थोडें वाचन व एक मोकळा दिवस एवढें भांडवल पुरतें.

यावर आक्षेप असा कीं, असा तुटपुंजा प्रवास उथळ होतो; एका दिवसांत काय दिसणार? आक्षेप खरा आहे, पण तो एकदांच जाणाऱ्यास लागू पडतो. मार्कंड्यास आम्ही प्रथम गेलों तो महाशिवरात्रीचा दिवस होता. मूलवरून एस. टी. नें वैनगंगा ओलांडून चामोर्शी गांठली व तेथून पुढें गर्दीबरोबर गेलों. त्या दिवशीं आम्हीं माणसांच्या पाठीच पाहिल्या. दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुटींत गेलों तेव्हां नदी तेथें उत्तरेकडे वळते हें ध्यानांत आलें. तिसऱ्या खेपेस जनरल कनिंगहॅम यांचा वृत्तांत वाचून गेलों. ते १८७३ ते १८७५ च्या दरम्यान मध्यप्रांतांत फिरले होते व या देवळांनीं त्यांस मोहित केलें होतें. लोक या देवळांस हेमाडपंती म्हणतात. वस्तुतः येथील काम तेराव्या शतकांतील हेमाद्रीच्या पूर्वींचें आहे, हें त्या खेपेस शिल्पांसमोर उभें राहून समजलें. पुढील खेपांस कोठें एखादी मूर्ति अधिक झिजलेली, कोठें दुरुस्तीची परांची उभारलेली, हें दिसूं लागलें. आठ दिवस एकदम राहून जें कळलें नसतें तें आठ वर्षांतील आठ दिवसांनीं कळविलें. कारण काळाचें काम पाहावयाचें तर पाहणाऱ्यानेंही काळ मध्यें जाऊं दिला पाहिजे.

मात्र या काटकसरीचें कौतुक करतांना एक गोष्ट विसरूं नये. गडचिरोलीचा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं निराळा झाला. एवढ्या विस्तीर्ण मुलखास रेल्वेचें स्थानक काय तें वडसा येथें लाभलें. पावसाळ्यांत पर्लकोटेस पूर आला कीं भामरागडचा रस्ता तुटतो. तेथील मनुष्य दवाखान्यासाठीं किंवा दाखल्यासाठीं तालुक्यास जातो तेव्हां त्याचाही प्रवास थोड्या पैशांतला व थोड्या वेळांतलाच असतो. पण तो त्यानें निवडलेला नसतो. एस. टी. च्या एकाच बाकावर आमची हौस व त्याची निकड शेजारीं बसतात. आपण कोणाच्या शेजारीं बसलों आहों हें ज्यास कळलें, त्याचें तिकीट वसूल झालें असें समजावें.

असो. वाचकांच्या घरींही काशीचा, काश्मीरचा किंवा विलायतेचा एखादा डबा असेलच. तो मोडावा असें आमचें म्हणणें नाहीं. दूरच्या देशाची ओढ ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांतून दरवर्षीं एका दिवसाचें एस. टी. भाडें बाहेर काढावें आणि घरांतील वडील मंडळीचे पाय चालते आहेत तोंवर त्यांस जवळच्या देवळास, किल्ल्यास किंवा शिलालेखास घेऊन जावें. आमच्या वडिलांचा डबा अद्यापि आमच्या कपाटांत आहे. त्यांत आतां आम्ही पैसे सांठूं देत नाहीं.