नृसिंहाचे पान केव्हा चालते? दशावतारी गंजिफा आणि 'विशेष' पत्त्यांचा जुना इतिहास

१/ यु-गि-ओ! खेळणाऱ्यांना 'सिंक्रो मॉन्स्टर' हा प्रकार परिचित असेल. पांढऱ्या चौकटीचे हे पान मुख्य गठ्ठ्यात नसते. ते जास्तीत जास्त १५ पानांच्या वेगळ्या 'एक्स्ट्रा डेक'मध्ये वाट पाहत बसते. मैदानावर एक 'ट्यूनर' आणि दुसरा साधा मॉन्स्टर असावा लागतो. दोघांच्या पातळ्यांची बेरीज नव्या मॉन्स्टरच्या पातळीइतकी भरावी लागते. ३ आणि ५ पातळीची दोन पाने खर्ची पडतात, तेव्हा ८ पातळीचे पान अवतरते. #थ्रेड

२/ हा प्रकार २००८ साली आला. पण त्यामागील कल्पना पुष्कळ जुनी आहे. पानाचे सामर्थ्य त्यावरील चित्रात नसून अटीत असते. योग्य वेळ, योग्य क्रम आणि योग्य जोडीदार जुळले की ते पान प्रबळ होते, एरवी ते हातात पडून राहते. नेमक्या याच तत्त्वावर चालणारा, मत्स्य-कूर्म-वराह-नृसिंहांचा एक खेळ महाराष्ट्रात होता : दशावतारी गंजिफा.

३/ पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की भोरच्या फाट्यावर कापूरहोळ लागते. संभाजी महाराजांच्या दूधआई धाराऊ गाडे यांचे गाव म्हणून इतिहासप्रेमी ते ओळखतात. हाच महामार्ग पुढे कोल्हापूरला जातो आणि तिथून आंबोली घाट उतरला की सावंतवाडी येते. धाराऊंचे नाव पिढ्यानपिढ्या सांगितले गेले म्हणून टिकले. सावंतवाडीच्या पत्त्यांच्या बाबतीत मात्र चित्रे टिकली आणि सांगणारे कमी होत गेले. हा धागा त्या फरकाविषयी आहे.

४/ आरंभ थोडा दूरचा आहे. भारतातील गंजिफाचा सुप्रसिद्ध जुना उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात येतो. सिंधच्या शाह हसन अर्घूनला गंजिफाची आवड होती, म्हणून १५२७ मध्ये बाबराने त्याच्याकडे पत्ते पाठवले. पुढे अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या खेळाचे तपशीलवार वर्णन केले. त्यात १२ रंग, प्रत्येक रंगात १२ पाने, अशी एकूण १४४ पाने सांगितली आहेत. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि १ ते १० अंकांची पाने असत.

५/ या १२ रंगांतील शेवटचे तीन विलक्षण आहेत. असुरपतीच्या रंगात राजा म्हणून दाऊदपुत्र सुलेमान सिंहासनावर बसलेला असे आणि अंकांच्या पानांवर जिन असत. वनपतीच्या रंगात राजा वाघ, तर वजीर चित्ता. अहिपतीच्या रंगात राजा म्हणजे अजगरासारख्या महासर्पावर आरूढ झालेला नाग आणि वजीर म्हणजे सापावर बसलेला साप. 'मॉन्स्टर कार्ड' म्हणावे अशी पाने सोळाव्या शतकातील मोगल दरबारात खेळली जात होती.

६/ अबुल फजल आणखी एक गोष्ट नोंदवतो. पहिले सहा रंग 'बीशबर' आणि शेवटचे सहा 'कमबर'. फारसीत बीश म्हणजे अधिक आणि कम म्हणजे उणे. बीशबर रंगात वजिराखालोखाल १० श्रेष्ठ आणि १ सर्वांत हलका. कमबर रंगात क्रम उलटा : वजिराखालोखाल १ श्रेष्ठ आणि १० सर्वांत हलका. असुर, श्वापदे आणि साप ही तिन्ही कुळे कमबरमध्ये मोडतात. तिथे एकटा साप दहा सापांना भारी पडतो.

७/ ही उलटापालट केवळ भारतातली नव्हे. 'ओंब्र' या जुन्या स्पॅनिश खेळातही तांबड्या रंगांत लहान अंक मोठ्या अंकावर मात करतो. अंक मोठा म्हणून पान मोठे, हा आजचा समज त्या काळच्या खेळाडूंना फारच भाबडा वाटला असता.

८/ पुढे हा साचा दशावतारांच्या कल्पनेशी जोडला गेला. दशावतारी गंजिफात १० रंग आणि प्रत्येक रंगात १२ पाने, म्हणजे एकूण १२० पाने. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की हे दहा राजे. प्रत्येकाचा एक प्रधान. काही संचांत हा प्रधान घोड्यावर बसलेला दिसतो. पाने गोल असतात, त्यामुळे ती पंख्यासारखी हातात धरणे ही पहिलीच परीक्षा ठरते.

९/ अंकांच्या पानांवर आकडे नसतात, खुणा असतात. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू, रामाच्या रंगात बाण. सात परशू असलेले पान म्हणजे परशुरामाची सत्ती. काही रंगांच्या खुणा प्रांताप्रांतांत बदलतात. कुठेही पानावर नियम लिहिलेला नसतो. मत्स्य किती बलवान, हे मत्स्याच्या चित्रावरून कळत नाही.

१०/ आता नियम पाहू. पहिला नियम उलट्या क्रमाचा : दहापैकी पाच रंगांत १० वरचढ, उरलेल्या पाचांत १ वरचढ. दोन्ही गटांत राजा आणि प्रधान मात्र नेहमी शिखरावर. त्यामुळे 'हातात दहा आहे' एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. कोणत्या रंगाचा दहा, हे आधी विचारावे लागते.

११/ दुसरा नियम वेळेचा. तिघे खेळाडू, प्रत्येकी ४० पाने. उतारीचा, म्हणजे पहिले पान टाकण्याचा मान कोणाचा? दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याचा. रात्री मांडला तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा त्याचा. सूर्यवंशात जन्मलेला राम दिवसाचा, मध्यरात्री जन्मलेला कृष्ण रात्रीचा, ही संगती लावायला कोणालाही सोपी आहे. मोगली गंजिफातही दिवसा 'सुर्ख' आणि रात्री 'सफेद' रंगाचा राजा डाव उघडत असे. म्हणजे सूर्य मावळला की तेच पान तोच अधिकार गमावून बसते.

१२/ बंगालमधील विष्णुपूरच्या दशावतारी पत्त्यांबाबत आणखी सूक्ष्म परंपरा सांगितली जाते. तिथे तिन्हीसांजेला नृसिंहाला आणि पाऊस पडत असताना मत्स्याला अग्रमान. हिरण्यकशिपूचा वध ना दिवसा, ना रात्री झाला. तो उंबरठ्यावर, संधिकाली झाला. पुराणातली अट अशा रीतीने खेळातली अट बनली. आजच्या भाषेत हा 'इफेक्ट मॉन्स्टर' : आकाशाची स्थिती पाहून जागा होणारा.

१३/ तिसरा नियम सर्वांत रोचक आहे. आज आपण 'हुकूम' म्हणजे इतर रंगांना कापणारा रंग समजतो. गंजिफात असा रंगच नाही. तिथे हुकूम म्हणजे त्या क्षणी त्या रंगात शिल्लक असलेले सर्वांत मोठे पान. राजा पडला की प्रधान हुकूम होतो. प्रधानही गेला की त्या रंगाच्या क्रमानुसार सर्वांत वरचढ अंकाचे पान हुकूम होते. वरची पाने खर्ची पडल्याखेरीज खालच्या पानाला सामर्थ्य प्राप्त होत नाही.

१४/ उदाहरण घेऊ. एखाद्या खेळाडूच्या हातात १० वरचढ असलेल्या रंगातील नव्वी आहे. आरंभी तिच्यावर तीन पाने आहेत : राजा, प्रधान, दश्शी. ही तिन्ही पडून गेली आणि ते त्याच्या लक्षात राहिले, तर नव्वी आता अजिंक्य आहे. लक्षात राहिले नाही, तर तीच नव्वी तो भीतीपोटी वाया घालवील. पान तेच, डाव तोच. फरक केवळ स्मरणाचा. १२० पानांचा हिशेब डोक्यात ठेवणे हाच या खेळाचा खरा कस.

१५/ सिंक्रो मॉन्स्टरशी साम्य इथे स्पष्ट होते : दोन्हीकडे काही पाने गेल्याशिवाय दुसरे पान प्रबळ होत नाही. भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. यु-गि-ओ!च्या पानावर त्याची अट छापलेली असते. शंभर वर्षांनी ते पान कोणाला सापडले, तरी तो वाचून खेळू शकेल. गंजिफाचे पान मूक आहे. त्याची अट खेळणाऱ्यांच्या डोक्यात आणि जिभेवर होती.

१६/ सावंतवाडीत हे पत्ते चितारी समाजातील कारागीर बनवत. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवणे, पांढरा लेप देणे, घोटून गुळगुळीत करणे, मग रंगवणे आणि शेवटी लाखेचा लेप, असा हा क्रम. नक्षीदार काठाची पाने 'दरबारी' आणि साध्या काठाची 'बाजारी'. बाजारी पत्ते होते याचा अर्थ उघड आहे : हा खेळ केवळ राजवाड्याचा नव्हता.

१७/ पुढे यंत्रावर छापलेले ५२ पानांचे स्वस्त विलायती पत्ते आले. ते चौकोनी, पिसायला सोपे, आकडे कोपऱ्यात छापलेले. १२० गोल पाने, हाताने रंगवलेली आणि मुखपाठ नियमांवर चालणारी, या स्पर्धेत टिकणे अवघड होते. खेळणारे घटले तशी मागणी घटली आणि मागणी घटली तसे चितारी दुसऱ्या कामांकडे वळले.

१८/ ही कला वाचवण्याचे मोठे श्रेय राजेसाहेब शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोंसले यांना जाते. १९७० च्या दशकात त्यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराचे ज्ञान पुढच्या हातांत जाईल अशी व्यवस्था केली आणि राजवाड्यातच काम सुरू केले. मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांनी भारतीय गंजिफाचा चिकाटीने अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने प्रसिद्ध केला. आज सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही आहे.

१९/ चित्र अशा प्रकारे वाचले. पण आज बहुतेक संच भेटवस्तू म्हणून जातात, काचेमागे किंवा भिंतीवर राहतात. भिंतीवरचा नृसिंह सुंदर असतो. मात्र तो कोणाचा राजा, केव्हा उतरतो, त्याच्या रंगात एक्का थोर की दश्शी, हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते. वास्तू जपली की इतिहास जपला असे आपण पटकन मानतो. खेळाच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. नियम हरवला की पत्त्याचे फक्त चित्र उरते.

२०/ सुदैवाने यावर घरच्या घरी उपाय आहे. साध्या ५२ पत्त्यांतून चारही गुलाम काढा. प्रत्येक रंगात बादशहा, राणी आणि एक्का ते दश्शी अशी बरोबर १२ पाने उरतात : गंजिफाचाच साचा. तिघांत १६-१६ वाटा. इस्पिक-किलवरमध्ये दश्शी वरचढ, बदाम-चौकटमध्ये एक्का वरचढ. दिवसा बदामचा बादशहा डाव उघडेल, रात्री इस्पिकचा. दुसऱ्याने टाकलेल्या रंगाचेच पान देण्याची सक्ती नाही. उतरलेल्या रंगातील मोठे पान हात जिंकते. कापणारा हुकूम नाही.

२१/ दोन डाव झाले की लक्षात येईल, हातातल्या पानांपेक्षा पडून गेलेल्या पानांकडेच लक्ष अधिक द्यावे लागते. मग कधी सावंतवाडीच्या राजवाड्यात गेलात, तर रंगवलेल्या पानांपुढे उभे राहून कोणाला तरी विचारा : हा रंग दहाचा की एकाचा? असे प्रश्न येऊ लागले, तर कारागिरांच्या शेजारी पुन्हा खेळाडूही बसू लागतील.

#इतिहास #गंजिफा #सावंतवाडी