शेजाऱ्याने ऐकावी अशी प्रार्थना

मालाडच्या पश्चिमेला मार्वे आहे आणि मार्व्याच्या धक्क्यावरून खाडी ओलांडली की मनोरी. गाव मुंबई उपनगर जिल्ह्यातले, पण मालाडकडून सरळ जायचे तर आजही बोटीत बसावे लागते. रस्त्याने जायचे म्हटले तर भाईंदर-उत्तनचा मोठा वळसा पडतो. मनोरी, गोराई, उत्तन ही ओळीने लागणारी गावे मासेमारीची आणि शेतीवाडीची. इथे ईस्ट इंडियन म्हणवणारे ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि त्यांच्या शेजारी हिंदू कुटुंबे राहतात. एका अंगणात क्रूस, दुसऱ्या अंगणात तुळस. गोराईला २००९ साली विपश्यनेचा मोठा पॅगोडा उघडला. तेव्हापासून बुद्धाने सांगितलेले ध्यान शिकायला येणारी माणसेही या बाजूला दिसू लागली.

आता अशा गावात एक साधा प्रश्न उभा राहतो. ख्रिस्ती माणसाने आपल्या हिंदू, मुसलमान किंवा बौद्ध शेजाऱ्यासाठी प्रार्थना कशी करावी? देवाकडे त्याच्यासाठी मागायचे तरी काय? तुम्ही म्हणाल, हा तर चर्चमधला प्रश्न, आम्हाला त्याचे काय? पण मंडळी, आपल्यासाठी कोणी देवाजवळ काय मागतो, त्यावरून तो आपल्याला मनात कुठे बसवतो ते कळते. म्हणून हा प्रश्न सगळ्या गावाचा आहे.

प्रथम ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथाकडे पाहू. यहुदी लोकांना कैद करून बाबिलोनला नेले, तेव्हा यिर्मया संदेष्ट्याने त्यांना पत्र पाठवले. ज्या परक्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचे भले झाले तर तुमचेही होईल, असा त्याचा आशय. ज्यांनी कैद करून नेले त्यांच्या शहरासाठी! पुढे पौलाने तीमथ्याला लिहिले की सर्व माणसांसाठी आणि राजांसाठी प्रार्थना करावी. त्या वेळी राज्य रोमन बादशहाचे होते आणि तो काही ख्रिस्ती नव्हता. लूकच्या शुभवर्तमानात तर एका रोमन अंमलदाराच्या आजारी चाकरासाठी यहुदी वडीलधारी माणसेच येशूकडे रदबदली करतात. तेव्हा परधर्माच्या माणसासाठी देवाजवळ शब्द टाकणे ही ख्रिस्ती लोकांची आजची टूम नाही. ती मुळापासूनची रीत आहे.

पण रीत असणे वेगळे आणि ती नीट पाळली जाणे वेगळे. आपल्या भागाचाच इतिहास पाहा. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि आसपासचा मुलूख तहाने पोर्तुगीजांना दिला. त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्री आले. लोक कुठे उपदेशाने ख्रिस्ती झाले, कुठे सवलतींमुळे, तर कुठे सत्तेच्या धाकाने. बोरिवलीजवळचे मंडपेश्वरचे लेणे हे शिवाचे स्थान. पोर्तुगीज काळात त्याचे चर्च केले गेले आणि तिथल्या एका भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो. ज्याचे देवस्थान आपण घेतले, त्याच्यासाठी केलेली प्रार्थना त्याला गोड लागेल कशी?

पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज अंमलदार आणि त्यांचे पाद्री बहुतेक निघून गेले, पण इथले ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी गेले नाहीत. त्यांचे घर इथेच, समुद्र इथलाच. एतद्देशीय पाद्र्यांनी त्यांना सांभाळले. आता राज्यकर्ता आपल्या धर्माचा नाही, शेजारी आपल्या धर्माचा नाही, आणि दोघांच्या संगतीने दिवस काढायचे आहेत. यिर्मयाने बाबिलोनला पाठवलेले पत्र या माणसांच्या प्रत्यक्ष जगण्यात आले.

तरी चर्चमधल्या विधीचे शब्द रोमहून ठरलेले असत. गुड फ्रायडेला, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवशी, कॅथलिक चर्चमध्ये निरनिराळ्या लोकांसाठी एकामागून एक प्रार्थना म्हणण्याची फार जुनी पद्धत आहे. पूर्वी त्यांत मूर्तिपूजकांसाठी एक प्रार्थना असे. त्यांच्या मनातले पाप देवाने दूर करावे आणि त्यांनी मूर्ती सोडून खऱ्या देवाकडे वळावे, असे तिच्यात मागितले जाई. ज्यू लोकांच्या प्रार्थनेत तर त्यांना अविश्वासू ठरवणारा एक बोचरा लॅटिन शब्द होता. इतर प्रार्थनांना गुडघे टेकायचे आणि ज्यूंच्या प्रार्थनेला मात्र टेकायचे नाहीत, असाही प्रघात पडला होता. आता ज्यू म्हणजे कोणी सातासमुद्रापलीकडचे नव्हेत. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, तेही ज्यूच.

हे सगळे लॅटिनमध्ये चाले. मनोरीच्या कोळ्याला लॅटिन कळत नव्हते आणि खिडकीबाहेरच्या शेजाऱ्यालाही कळत नव्हते. त्यामुळे शब्द बोचरे असले तरी कोणाला टोचले नाहीत. पण न टोचणारा काटासुद्धा काटाच असतो.

विसाव्या शतकात हा काटा निघू लागला. हिटलरच्या राजवटीत युरोपात लाखो ज्यूंची कत्तल झाली आणि शतकानुशतके म्हटलेल्या शब्दांचे परिणाम काय होतात, याचा विचार ख्रिस्ती लोकांना करावा लागला. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी ज्यूंच्या प्रार्थनेलाही गुडघे टेकण्याचे पुन्हा सुरू केले. १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांनी तो बोचरा शब्दच काढून टाकला. १९६३ च्या डिसेंबरात व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली.

यानंतरची एक घटना तर मुंबईतच घडली. १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबईत कॅथलिकांची आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद भरली. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस तेव्हा मुंबईचे आर्चबिशप होते. २ डिसेंबरला पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप. या परिषदेला काही हिंदू संघटनांचा विरोध होता, मागच्या इतिहासामुळे मनात शंका होत्या. अशा वेळी ३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना पोपसाहेबांनी बृहदारण्यक उपनिषदातली ती प्रसिद्ध प्रार्थना उद्‌धृत केली, जी आपल्याकडच्या कितीतरी शाळांत म्हटली जाते. ज्यांच्यासाठी इतकी वर्षे प्रार्थना केली, त्यांना स्वतःलाही प्रार्थना येते, हे त्या दिवशी उघडपणे मान्य झाले.

पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचे आपले घोषणापत्र २२२१ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर केले. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही चर्च नाकारत नाही, असा त्याचा आशय. त्याच वर्षी ७ डिसेंबरला धर्मस्वातंत्र्याचे घोषणापत्र निघाले. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, असे त्याने सांगितले. आपल्या राज्यघटनेने हे स्वातंत्र्य १९५० सालीच दिले होते.

मग १९७० च्या नव्या उपासनाग्रंथात गुड फ्रायडेच्या प्रार्थना बदलून आल्या. ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांसाठी प्रार्थना आजही आहे. त्यांना प्रकाश मिळावा, प्रामाणिक मनाने चालता चालता सत्य सापडावे, असे ती मागते. पण तिथेच थांबत नाही. आम्ही एकमेकांवर अधिक प्रेम करावे आणि जगापुढे देवाच्या प्रेमाचे अधिक चांगले साक्षीदार व्हावे, असेही मागते. पूर्वी सुधारायचे होते ते फक्त दुसऱ्याने. आता म्हणणारा स्वतःही त्या रांगेत येऊन उभा राहिला.

इथे कोणी ख्रिस्ती बंधू विचारील, "मग माझ्या श्रद्धेचे काय? शेजाऱ्याने ख्रिस्ताला ओळखावे असे मला मनापासून वाटते. ते लपवू का?" प्रश्न रास्त आहे. लपवू नये, लपवलेली इच्छा संशय वाढवते. पण श्रद्धा देणे हे देवाचे काम आहे आणि घेणे न घेणे ही शेजाऱ्याची मर्जी आहे. या दोहोंच्या मध्ये आपण घाई करू नये. आपल्या आवडीचे उत्तर देवाला लिहून द्यायचे आणि सहीपुरते त्याच्यापुढे सरकवायचे, याला प्रार्थना म्हणत नाहीत.

दुसऱ्या बाजूची शंकाही ऐकली पाहिजे. सगळे एकच म्हणून सरमिसळ करावी काय? २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी इटलीतल्या असिसी गावी अनेक धर्मांच्या पुढाऱ्यांना शांततेसाठी प्रार्थनेला बोलावले. तिथे त्यांनी फरक स्पष्ट केला होता: प्रार्थनेसाठी एकत्र यायचे, पण सगळ्यांनी मिळून एकच प्रार्थना म्हणायची नाही. प्रत्येकाने आपापल्या रीतीने प्रार्थना केली, इतर जण शांतपणे उभे राहिले. आपल्या गावातही हे जमण्यासारखे आहे.

मराठी माणसाला तर हे शिकवायला लांब जायला नको. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी मागितलेले पसायदान आठवा. त्यात आपल्या पंथापुरते मागणे नाही आणि दुष्टांचा नाश तर नाहीच नाही, दुष्टांमधले वाकडेपण तेवढे जावे असे मागणे आहे. १८९५ साली ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक हे मोकळेपणाने सांगत की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंगाचे आणि भजनाचे वळण दिले. ज्या शेजाऱ्याच्या संतांकडून आपण प्रार्थनेची भाषा शिकलो, त्याच्यासाठी प्रार्थना करताना मान आपोआप लवते.

मग प्रत्यक्ष करावे काय? १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा जुन्या गावठाणांतून ख्रिस्ती लोकांनी ठिकठिकाणी क्रूस उभारले आणि त्यांच्यापुढे जमून ते देवाची करुणा भाकू लागले. रोग काही घराघराचा धर्म विचारून शिरत नव्हता. आळीतून प्लेग जावा अशी प्रार्थना केली, की ती सगळ्या आळीचीच झाली. समुद्राचेही तसेच. वादळात शेजाऱ्याची होडी बाहेर असेल, तर ती सुखरूप किनाऱ्याला लागावी एवढेच मागायचे असते.

तेव्हा पहिली गोष्ट, शेजाऱ्याला त्याचे दुखणे विचारावे आणि त्याने सांगितले तेच मागावे. दुसरी, त्याच्या घरात किंवा आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करायची तर आधी परवानगी घ्यावी. नको म्हणाला तर राग मानू नये, आपल्या घरी करावी. तिसरी, मागणे झाले की उठून हात लावावा. औषध आणायचे असेल तर आणावे, जाळे ओढायचे असेल तर ओढावे. चौथी, "मलाही सुबुद्धी दे" हे विसरू नये.

आणि या सगळ्यांना तपासून पाहायची एक कसोटी आहे. आता प्रार्थना लॅटिनमध्ये नाही, आपल्या मराठीत आहे. खिडकी उघडी आहे, शेजारी अंगणात उभा आहे आणि प्रत्येक शब्द त्याच्या कानावर पडतो आहे असे समजावे. ऐकून त्याचा चेहरा उतरेल असे काही त्यात असेल, तर ते वाक्य पुन्हा जुळवावे. ऐकून "माझ्यासाठीही आमेन म्हण रे भाऊ" असे त्याला म्हणावेसे वाटले, तर प्रार्थना नीट झाली म्हणायची.

गुरुजींनी आणि बाईंनी हे वर्गात करून पाहावे. मुलांना सांगावे की आज दुसऱ्या धर्माच्या एका मित्रासाठी काहीतरी चांगले मागा आणि काय मागितले ते त्याला सांगा. कसोटी ख्रिस्ती मुलाला लागते तशी हिंदू मुलाला लागते आणि मुसलमान मुलालाही. सांगताना ज्याची जीभ अडखळेल, त्याला आपले मागणे कुठे चुकले ते कोणी वेगळे शिकवावे लागणार नाही.