पन्नाशीचा शीण : एक दुर्लक्षित इतिहास

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. मींहि जन्मभर वर्गांत तेंच शिकविलें. परंतु माणसाच्या शिणालाहि इतिहास असतो, आणि कोणत्याहि तहाच्या कलमांपेक्षां तो अधिक घरांना लागू पडतो, हें ध्यानांत यावयास मला फार उशीर लागला. आज श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे तो असाच एक इतिहास : पाळी जाण्याच्या सुमारास स्त्रियांना जो शीण येतो त्याचा. हा विषय पुरुषानें बोलावा काय, अशी शंका कोणी घेतील. पण या प्रकरणांतील बहुतेक निकाल पुरुषांनींच दिलेले आहेत. तेव्हां त्यांची फेरतपासणी एखाद्या पुरुषानें केली तर तें अनुचित होऊं नये.

आपल्या ग्रांथिक भाषेंत या अवस्थेस रजोनिवृत्ति म्हणतात; बायका आपसांत 'पाळी गेली' एवढेंच म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत रजाचा आरंभ १२ व्या वर्षापासून आणि क्षय ५० व्या वर्षीं सांगितला आहे. जरेनें शरीर पक्व झालें म्हणजे हें घडावयाचेंच, असा तेथील भाव आहे. आजचें वैद्यक लागोपाठ १२ महिने पाळी आली नाहीं म्हणजे निवृत्ति झाली असें धरतें. भारतांत हें सामान्यतः ४६-४७ च्या सुमारास घडतें. मात्र त्याच्या आधींचीं कांहीं वर्षें पाळी अनियमित होते, आणि खरा त्रास पुष्कळदां त्याच वर्षांत सुरू होतो.

युरोपांत या अवस्थेस आजचें नांव मिळालें तें एकोणिसाव्या शतकांत. गार्दान नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १८१६ सालीं या वयांतील स्त्रियांसाठीं एक पुस्तक लिहिलें, आणि १८२१ च्या आवृत्तींत 'मेनोपॉज' हा शब्द वापरला. महिना आणि विराम अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून तो बनविलेला आहे. पुढें १८५७ सालीं लंडनच्या एडवर्ड टिल्ट यानें या विषयावर इंग्रजींत मोठा ग्रंथ लिहिला. ५०० स्त्रियांच्या तक्रारी टिपून त्यानें त्यांचें कोष्टक केलें. स्त्रियांना विचारून मग लिहावयाचें, हीच त्या काळीं मोठी गोष्ट होती. पण विचारून झाल्यावर उपाय करावयाचे ते जुनेच. रक्तमोक्षण, रेचकें आणि शामक औषधें हीं त्या काळच्या युरोपीय वैद्यांचीं नित्याचीं शस्त्रें. ज्या बाईच्या अंगावरून आधींच फार जात आहे तिचें आणखी रक्त काढावयाचें, यांतील विसंगति फारशी कोणाच्या लक्षांत येत नसे.

त्यानंतर आला तो मज्जातंतूंचा काळ. अमेरिकेंतील डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यानें १८६९ सालीं थकव्याला 'न्यूरॅस्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, असें नांव दिलें. फिलाडेल्फियाच्या वेअर मिचेल यानें त्यावर विश्रांति-चिकित्सा काढली. बाईनें आठवडेच्या आठवडे अंथरुणांत पडून राहावें, दूध प्यावें, अंग रगडून घ्यावें, आणि लिहूं-वाचूं नये. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेला १८८७ मध्यें हा उपचार मिळाला. ती तेव्हां तरुण होती, रजोनिवृत्तीशीं तिचा संबंध नव्हता; पण त्या उपचारानें आपण वेडाच्या कांठावर कशा पोंचलों हें तिनें पुढें उघड सांगितलें, आणि १८९२ सालीं प्रसिद्ध झालेली तिची 'द यलो वॉलपेपर' ही कथा त्याच अनुभवांतून आली. या चिकित्सेंतून आपल्याला एक गोष्ट शिकावयाची आहे. ज्यांना काम हवें होतें त्यांच्यावर विश्रांति लादण्यांत आली. आणि ज्या धुण्याभांड्याच्या कामानें खरोखरच मोडून गेल्या होत्या त्यांना ती कोणी देऊं केली नाहीं. थकव्याचा विचार झाला तो घरंदाज बाईच्या थकव्याचा.

गरीब व मध्यम स्थितींतील बायकांनीं आपला उपाय बाटलींत शोधला. १८७५ सालीं मॅसॅच्युसेट्समधील लिन गांवीं लिडिया पिंकहॅम या बाईंनीं वनस्पतींचें एक औषध विक्रीस आणलें. पाळी जाण्याच्या वयांतील सर्व दुखण्यांवर तें चालतें, अशी जाहिरात असे. त्यांत शेंकडा १८ च्या आसपास मद्यार्क होता! 'मिसेस पिंकहॅम यांना पत्र लिहा' असें जाहिरातींत छापलें जाई, आणि हजारों स्त्रिया लिहीत. बाई १८८३ मध्यें वारल्या, तरी पत्रांना उत्तरें जातच राहिलीं. शेवटीं १९०५ सालीं एका अमेरिकन मासिकानें त्यांच्या थडग्याचें छायाचित्रच छापलें. ही हकीकत ऐकून हसूं येतें. पण त्या बायकांनीं पत्रें कां लिहिलीं, याचा विचार केला म्हणजे हसूं मावळतें. आपलें ऐकून घेणारें कोणी तरी असावें, एवढीच त्यांची मागणी होती.

विसाव्या शतकांत विज्ञानानें खरी मजल मारली. १९२९ सालीं अमेरिकेंत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनींत ॲडॉल्फ बूटेनांट यांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें इस्ट्रोजेन-वर्गांतील एक द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें केलें. १९४२ सालीं गाभण घोडींच्या मूत्रांतून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी अमेरिकेच्या बाजारांत आली. अंगाची लाही आणि रात्रींचा घाम यांवर ती गुणकारी होती, यांत संशय नाहीं. परंतु १९६६ सालीं न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या डॉक्टरानें एक पुस्तक लिहून असें प्रतिपादिलें कीं, रजोनिवृत्ति हा उणिवेचा रोग आहे आणि गोळीनें स्त्री अखंड तरुण राहील. थकलेल्या बाईला झोंप हवी होती. तिला तारुण्य विकण्यांत आलें. औषधें बनविणाऱ्या कंपन्यांचा पैसा या डॉक्टराच्या पाठीशीं होता, हें मागाहून बाहेर आलें.

१९७५ सालीं नुसत्या इस्ट्रोजेननें गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असें दिसून आलें, तेव्हां त्याच्या जोडीला दुसरें संप्रेरक देऊं लागले. मग जुलै २००२ मध्यें अमेरिकेंतील एक मोठी चांचणी मध्येंच थांबविण्यांत आली. तींत १६,६०८ स्त्रिया होत्या. दोन संप्रेरकें एकत्र घेणाऱ्यांत दर १०,००० स्त्रियांमागें वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या ८ रोगी अधिक आढळल्या. जगभर घबराट झाली आणि लाखों स्त्रियांनीं औषध टाकून दिलें. पण या चांचणींतील स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें, ही गोष्ट पुष्कळांच्या नजरेंतून सुटली. आज तज्ज्ञांचें मत असें आहे कीं, ज्यांचें वय साठीच्या आंत आहे किंवा ज्यांची पाळी जाऊन दहा वर्षें झालेलीं नाहींत, अशा निरोगी स्त्रियांना त्रास फार असेल तर हें औषध बहुधा धोक्याहून अधिक लाभ देतें. स्तनाचा कर्करोग झालेल्यांना किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा विकार असलेल्यांना मात्र तें सहसा देत नाहींत. म्हणजे पूर्वींची भक्तीहि चुकीची होती आणि मागाहूनची भीतीहि.

आतां हा शीण येतो तरी कशानें? त्याचें कारण एक नाहीं. मेंदूंतील उष्णता सांभाळणारें केंद्र या काळांत चटकन् बिघडतें. रात्रींतून दोन-चार वेळां घामानें अंथरूण भिजतें आणि झोंप तुटते. अमेरिकेंतील एका दीर्घ अभ्यासांत, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणें, हा त्रास मध्यम मानानें ७.४ वर्षें टिकला. सात वर्षें ज्याची झोंप मोडेल तो थकणार नाहीं तर काय होईल? दुसरें कारण रक्ताचें. पाळी जाण्यापूर्वीं ती अनेकदां फार होते, आणि शरीरांतील लोह आटतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रांत हें प्रमाण ५४.२ टक्के होतें. गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि मंद झाली तरी असाच शीण येतो, आणि मन खचलें तरीहि येतो.

येथें एक घरची गोष्ट सांगतों. आमच्या मातोश्री सत्तेचाळीस वर्षांच्या असतां दुपारीं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकत आणि बराच वेळ उठत नसत. आम्ही मुलें त्याला आळस म्हणत असूं. पुढें डॉक्टरांनीं लाल रंगाचें टॉनिक दिलें. तिचें रक्त तपासावें असें ना डॉक्टरांना सुचलें, ना आम्हांला. पिंकहॅमबाईंची बाटली अशी आमच्याहि फडताळांत येऊन बसली होती.

आणि या इतिहासाचें सर्वांत कठोर पान परदेशांतलें नाहीं, तें आपल्या बीड जिल्ह्यांतलें आहे. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल आधींच घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकलें कीं 'खाडा' पडून पैसे कापले जातात. पाळीच्या दुखण्यानें खाडा पडूं नये म्हणून कित्येक बायकांनीं पिशवी काढून टाकली. २०१९ सालीं राज्य शासनानें डॉक्टर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें, आणि त्यांतील पुष्कळ जणी चाळिशीच्याहि आंतल्या होत्या. गर्भाशयाबरोबर बीजकोशहि काढले तर रजोनिवृत्ति एका दिवसांत अंगावर कोसळते. ते राखले तरी ती लौकर येण्याचा संभव असतो. खाडा टाळण्यासाठीं जी शस्त्रक्रिया केली तिनेंच हाडांची झीज आणि जन्माचा शीण पदरीं यावा, याहून मोठी फसगत कोणती?

या सर्वांतून एक सूत्र निघतें. प्रत्येक पिढीनें या शिणाचें उत्तर आधीं ठरविलें आणि मग तें बाईला चिकटविलें. कोणीं त्याला नाजूकपणा म्हटलें, कोणीं उणीव म्हटलें, कोणीं अडचण समजून कापून टाकलें. तुला झोंप किती लागते, अंगावरून किती जातें, दिवसाचें काम किती पडतें, हे साधे तीन प्रश्न मात्र क्वचितच विचारले गेले.

म्हणून श्रोत्यांना माझी विनंति एवढीच. थकवा आठवडेच्या आठवडे राहिला तर रक्ताची व थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खालीं असेल तर लोहाच्या गोळ्या वैद्याच्या सल्ल्यानें घ्याव्या, आणि त्या चहाबरोबर घेऊं नयेत. पाळी गेल्यावर वर्षभरानें पुन्हां रक्त दिसलें तर तें अंगावर काढूं नये, तत्काळ डॉक्टरांस दाखवावें. दुपारनंतरचा चहा-कॉफी सोडावी, निजण्याची जागा थंड ठेवावी, आणि झेपेल तितकें चालावें. नियमित व्यायामानें झोंप सुधारते आणि हाडांसहि बळ येतें. पिशवी काढण्याचा सल्ला कोणीं दिला तर दुसऱ्या डॉक्टराचें मत घेतल्यावांचून होकार देऊं नये.

आणि पुरुषांसाठीं एक आंकडा. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणींत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं दिवसाचीं २९९ मिनिटें त्यांत जातात असें दिसलें. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीं ९७. या दोन आंकड्यांमधलें अंतर कोणत्याहि गोळीनें भरून निघणारें नाहीं. तें घरांतच भरून काढावें लागेल. आमच्या उंबऱ्यावर टेकलेल्या त्या माउलीला त्या वेळीं कोणीं उठून एक तांब्या पाणी दिलें असतें आणि 'आज भाकरी आम्ही थापतों' असें म्हटलें असतें, तर तिच्या रक्तांतलें लोह वाढलें नसतें हें खरें. पण तिला काय होतें आहे, हें विचारण्याइतका वेळ तरी आम्हांला मिळाला असता.