दादाजी कोंडदेवांची अखेर

मृत्युशय्येवर पडलेला गुरु शिष्यास जवळ बोलावतो, जन्मभराच्या अनुभवाचें सार चार वाक्यांत सांगतो आणि शांतपणें डोळे मिटतो, या चित्राची मोहिनी इतिहासकारांवर फार जुनी आहे. महाराष्ट्रांतील अशा चित्रांत सर्वांत प्रसिद्ध तें दादाजी कोंडदेवांचें होय. ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत तें रेखाटलें आहे. तोरणा हातीं आला होता, तेथें सांपडलेल्या द्रव्यावर जवळच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर नवा गड उठूं लागला होता, आणि वृद्ध कारभाऱ्यास धास्ती पडली होती कीं, या धाडसापायीं कर्नाटकांत असलेल्या शहाजीराजांचें घर बुडणार. त्यांतच दुखणें विकोपास गेलें. तेव्हां दादाजींनीं सतरा वर्षांच्या शिवाजीराजांस बोलावून घेतलें, आणि निषेधाचा शब्दहि न काढतां सांगितलें कीं, आरंभिलेलें कार्य तडीस न्यावें, गाई, ब्राह्मण व रयत यांचें रक्षण करावें, देवालयें भ्रष्ट होऊं देऊं नयेत. मग आपलीं मुलेंमाणसें राजांच्या हवालीं करून त्यांनीं प्राण सोडला. साल १६४७ च्या सुमाराचें.

हा प्रसंग मराठी घरांत इतक्या वेळां सांगितला गेला आहे कीं, तो घडला कीं नाहीं हें विचारणेंहि कित्येकांस अशिष्टपणाचें वाटतें. तरी विचारलें पाहिजे. सभासदानें आपली बखर जिंजीस राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिली, ती सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत; म्हणजे दादाजींच्या निधनास तेव्हां अर्धें शतक होत आलें होतें. हा गृहस्थ शिवकालांत वावरलेला. पण दादाजी वारले आणि राजे आपला कारभार आपणच पाहूं लागले, एवढेंच सांगून तो पुढें जातो. शय्या नाहीं, उपदेश नाहीं. तो सारा भरणा मागाहूनच्या बखरकारांचा दिसतो.

परंतु साक्षीदार नाहीं म्हणून कथा फेंकून द्यावी असें आम्हांस वाटत नाहीं. ख्रिस्तपूर्व ३९९ सालीं अथेन्सच्या तुरुंगांत सॉक्रेटिसानें विषाचा पेला घेतला. त्या दिवसाचें जें वर्णन जग आजवर वाचीत आलें तें प्लेटोचें. आणि प्लेटो त्या दिवशीं तेथें नव्हताच. तो आजारी असावा, असें त्याच संवादांत एका पात्राच्या तोंडून त्यानें वदविलें आहे. (हा प्रामाणिकपणा आमच्या बखरकारांस साधला असता तर पुढचे बरेच वाद टळते.) शिष्यानें गुरूच्या मुखीं घातलेलें भाषण अक्षरशः खरें नसलें, तरी तें त्या गुरूच्या आयुष्याशीं जुळतें कीं नाहीं हें ताडून पाहतां येतें. दादाजींच्या बाबतींत तें ताडून पाहण्यासाठीं मृत्युशय्या सोडून मावळांत उतरलें पाहिजे.

वेल्हे हें तोरण्याच्या पायथ्याचें गांव. गड समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांहून उंच. त्याच्या एका अंगास कानंदीचें खोरें, दुसऱ्या अंगास गुंजवणीचें, म्हणजे जुनें गुंजण मावळ. पाऊस मुसळधार, पण सपाट जमीन थोडी. उतारावर ताली घालून भाताचीं खाचरें करावयाचीं, आणि वरकस जमिनींत नाचणी व वरी पिकवावयाची. अशा मुलखांत एक वर्ष बुडालें तरी कुणबी परागंदा होतो. आणि १६३० सालापासून लागोपाठ पडलेल्या दुष्काळानें तर सारें दख्खन होरपळलें. त्याच सुमारास आदिलशाही फौजेनें पुणें जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरविल्याचें सांगतात. ही उजाड जहागीर पुन्हां वसविण्याचें काम दादाजींच्या वांट्यास आलें. लांडग्यांचा उपद्रव माजला होता, म्हणून लांडगे मारणाऱ्यांस त्यांनीं बक्षिसें लाविलीं. पडीक जमीन वहितीस आणणाऱ्याकडून पहिल्या वर्षीं नांवापुरता सारा घेऊन तो इस्ताव्यानें वर्षावर्षास चढविला, असें परंपरा सांगते. वतनाचे तंटे त्यांनीं गोतसभेपुढें निवाडले. पुढें खुद्द राजांच्या कारकीर्दींतील कागदांत, दादाजींच्या वेळीं जसें चाललें तसेंच चालवावें, अशा आशयाच्या आज्ञा आढळतात. मेलेल्या कारभाऱ्याची वहिवाट जेथें न्यायाचा आधार होते, तेथें त्याच्या उपदेशाची निराळी साक्ष काढण्याची गरज आम्हांस दिसत नाहीं.

शिवापूरच्या आमराईची कथा सर्वांस ठाऊक आहे. या बागेंतील पानासहि कोणी हात लावूं नये, अशी दादाजींचीच ताकीद. आणि एके दिवशीं नकळत त्यांच्याच हातून आंबा तोडला गेला. तो हात तोडूं निघालेल्या म्हाताऱ्यास लोकांनीं आवरलें, तेव्हां त्यांनीं अंगरख्याची एक बाही तोकडी ठेवून जन्म काढला. ही कथाहि बखरींतलीच, आणि तिला पुरावा मागितला तर ती मृत्युशय्येहून फारशी भक्कम ठरत नाहीं. परंतु कायदा करणारा कायद्याखालीं येतो, ही तिच्यांतली गोष्ट राजांच्या पुढील वर्तनाशीं पुरती जुळते. १६७३ च्या मे महिन्यांत चिपळूणच्या छावणींतील आपल्याच लष्करास त्यांनीं बजावलें कीं, रयतेच्या भाजीसहि हात लावावयाचा नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आंब्याफणसाचीं झाडें धन्याच्या संमतीवांचून तोडूं नयेत, असें स्वच्छ म्हटलें आहे. दोन्ही दादाजींपासूनच आलीं असें आम्ही म्हणत नाहीं. जिजाबाईंच्या आणि खुद्द राजांच्या बुद्धीचा वांटा त्यांत मोठा आहे.

दादाजींस राजांचे गुरु म्हणावें कीं नाहीं, यावरून अलीकडे पुष्कळ कडवटपणा झाला. डिसेंबर २०१० मध्यें पुण्याच्या लाल महालांतून त्यांचा पुतळाहि हलविण्यांत आला. गुरु या शब्दास समकालीन आधार तोकडा आहे हें खरें. ते आदिलशाहीचे कोंडाण्याचे सुभेदार, शहाजीराजांच्या जहागिरीचे कारभारी. परंतु शाळा न मांडतां शिकविणारी माणसें असतात. सारा किती घ्यावा, निवाडा कोणापुढें करावा, उजाड गांवीं कुणबी कसा परत आणावा, हें शेजारीं बसून पाहणाऱ्या मुलानें जें उचललें त्यास विद्या म्हणावयाचें नाहीं, तर दुसरें काय म्हणावयाचें तें आम्हांस सुचत नाहीं.

आणि म्हणूनच त्या अखेरच्या भाषणांतील गोब्राह्मणांचें कलम आम्हांस ठराविक सांच्यांतलें वाटतें; तें कोणत्याहि बखरकारानें कोणत्याहि मरणाऱ्याच्या मुखीं घातलें असतें. खरें वाटतें तें रयतेचें कलम, आणि त्याहून जें सांगितलें गेलें नाहीं तें. जन्मभर दुसऱ्याच्या दौलतीचा चोख हिशेब ठेवलेल्या म्हाताऱ्यास शिष्याचें साहस पटलें नव्हतें, त्याविषयीं त्यानें धन्यास लिहिलेंहि होतें, असें डफच सांगतो. तरीहि कथेंतला दादाजी अखेरच्या घटकेस आपली भीति शिष्याच्या गळ्यांत बांधीत नाहीं. ज्या कोणी ही कथा प्रथम सांगितली, त्याला शिक्षकाचें मरण कसें असावें हें नीट कळलें होतें.

दादाजींच्या मागें शहाजीराजांकडून थकलेल्या वसुलाची मागणी आली, तेव्हां या गरीब मुलखाचा खर्च वाढला आहे, आपण कर्नाटकच्या उत्पन्नावर भागवावें, असें उत्तर राजांनीं धाडल्याचें डफ लिहितो. मुरुंबदेवाच्या डोंगरावरचा गड राजगड झाला आणि सुमारें पंचवीस वर्षें राजधानी राहिला. दादाजींनीं तो पुरा झालेला पाहिला नाहीं.