कंपवात : नाव, औषध आणि शस्त्रक्रिया

बडोदे शहरात एका आजाराची तीन नावे कानी पडतात. गुजरातीत ‘कंपवा’, मराठीत ‘कंपवात’ आणि उर्दूत ‘रअशा’. तिन्ही शब्द थरथरीकडेच बोट दाखवतात. हालचालींतील मंदपणा व स्नायूंचा ताठरपणा त्यांतून सूचित होत नाही. इब्न सीना यांनी ‘अल्-कानून’मध्ये रअशाचा विचार मज्जाविकारांत केला, मात्र तो कंपाचा व्यापक विचार असल्याने पार्किन्सन्सशी त्याची सरसकट सांगड घालता येणार नाही. या आजाराचे स्वतंत्र वर्णन जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले.

औषधाच्या इतिहासात भारताचे स्थान उल्लेखनीय आहे. १९३७ मध्ये दामोदरन व रामस्वामी यांनी मद्रासमध्ये खाजकुइलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळे केले. रुग्णांच्या मेंदूत डोपामिन घटलेले असते, हे १९६० मध्ये सिद्ध झाले आणि १९६७ पासून लेव्होडोपाचे उपचार रूढ झाले. परंतु काही वर्षांनी औषधाचा प्रभाव लवकर ओसरू लागतो, अनैच्छिक हालचालीही सुरू होतात.

पूर्वी शस्त्रक्रियेत मेंदूचा सूक्ष्म भाग कायमचा नष्ट करीत. १९८७ मध्ये ग्रेनोबल येथे बेनाबिद यांनी तेथेच विद्युतस्पंदने देऊन कंप थांबवला. यात प्रवाह कमी-जास्त करता येतो, बंदही करता येतो. हा फरक मूलभूत होय. नव्वदच्या दशकाअखेर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ही पद्धत भारतात आणली.

परिणामांचा विचार मात्र तारतम्याने व्हावा. कंप, ताठरपणा व मंदपणा कमी होतो, औषधाची मात्राही पुष्कळदा घटते. सर्वसाधारणपणे जी लक्षणे लेव्होडोपाने सुधारतात, तीच या उपचारानेही सुधारतात. तोल व स्मरणशक्ती यांना फारसा लाभ होत नाही. उच्चार कधी अधिक अस्पष्ट होतात, मनःस्थितीही बदलू शकते. रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचा धोका अल्प असला तरी असतोच. खर्च काही लाखांचा असून बॅटरीही कालांतराने बदलावी लागते. शिवाय मूळ आजाराची वाटचाल थांबत नाही.

अध्यापकाच्या बाबतीत याचा अर्थ स्पष्ट आहे : फळ्यावर लिहिणारा हात स्थिर होईल, पण वर्गाला ऐकू जाणारा आवाज परत मिळेलच असे नाही. म्हणून रुग्णाची निवड, कुटुंबाचे समुपदेशन आणि वाचोपचार यांना शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व आहे. २००१ मध्ये मुंबईत पार्किन्सन्स रुग्णांसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, ती याच गरजेतून. रुग्णाला त्याच्या भाषेत लाभ व मर्यादा दोन्ही सांगणे, हे या इतिहासातील अपुरे राहिलेले काम आहे.